सावली कुठे हवी?

खड्डे खणून झाले होते. चार कोपऱ्यांना चार, वर फळ्या टाकून झाकलेले, आणि मधोमध बालवाडीचा वाळूचा हौद. दुसऱ्या दिवशी त्यांत काँक्रीट पडणार होतं. मग खांब उभे राहणार, खांबांवर कापडाचं छप्पर ताणलं जाणार आणि टिकली सुट्टीत बाहेर येणार, असा सगळा बेत होता.

टिकली माझी भाची. तिची आई, म्हणजे माझी ताई, या बालवाडीची मुख्य बाई. मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन, अर्जांच्या उत्तरांची वाट बघत ताईकडे येऊन राहिले होते. ताईच्या भाषेत मी 'घरातली शास्त्रज्ञीणबाई, चहासुद्धा तापमान बघून पिणारी'.

टिकलीच्या त्वचेला ऊन सोसत नाही. थोडा वेळ उन्हात राहिली की गाल आणि हातांच्या पाठी लाल होतात, मग फोड येतात, आणि दोन-तीन दिवस ती कुशीवरसुद्धा झोपू शकत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंगभर कपडे, टोपी आणि सावली. कपडे आणि टोपी घरी होती. सावली बालवाडीत नव्हती. आवारात एक झाड होतं, ते वाळवी लागून पडलं. तेव्हापासून सुट्टीची घंटा झाली की बाकीची मुलं बाहेर पळायची आणि टिकली वर्गाच्या खिडकीत स्टुलावर चढून बसायची. पुढच्या वर्षी ती मोठ्या शाळेत जाणार. इथला तिचा हा शेवटचा उन्हाळा.

त्वचेच्या डॉक्टरांच्या एका संस्थेकडून शाळांना सावलीसाठी निधी मिळतो, हे मीच शोधून काढलं होतं. अर्ज दोघींनी मिळून भरला. निधी मंजूर झाला त्या दिवशी ताईनं मला मिठी मारली आणि लगेच म्हणाली, "आता तरी नखं खायचं सोड."

तर त्या दिवशी सुट्टीत मी खड्ड्यांभोवती उगाच फिरत होते. फळ्या नीट आहेत ना, खांबांची अंतरं नकाशाप्रमाणे आहेत ना, ते बघत. बघून झालं की परत पहिल्यापासून. वर्गासमोरच्या सिमेंटच्या ओट्यावर मुलांचा काहीतरी उद्योग चालला होता. शेपूट नावाचा मुलगा (कायम कुणाच्या तरी मागे असतो म्हणून शेपूट) हात पसरून उभा होता आणि एक मुलगी खडूनं त्याच्या सावलीची कड गिरवत होती. हुकूम खिडकीतून सुटत होते.

"हलू नको ना रे! बोटं राहिली त्याची. बोटं काढ!" टिकली ओरडत होती. "आता झोप त्याच्यात."

शेपूट खडूच्या माणसात आडवा झाला. टाच टाचेला, डोकं डोक्याला.

"फिट्ट!" सगळी ओरडली.

मीही हसले. मग माझं हसू अर्ध्यातच थांबलं.

आपली सावली आपल्याएवढी होते तेव्हा सूर्य क्षितिजापासून बरोबर पंचेचाळीस अंशांवर असतो. आणि त्या वेळी उंचावरच्या कुठल्याही वस्तूची सावली तिच्या उंचीइतकीच बाजूला पडते. झेंड्याच्या काठीच्या टोकाची. पाण्याच्या टाकीची. उद्या उभ्या राहणाऱ्या छपराची.

मुलांनी लोंबकळू नये म्हणून छप्पर चांगलं उंच ठेवलं होतं. हौदाच्या रुंदीपेक्षा जास्त उंच. मी हौदाच्या कडेला उभी राहिले, सूर्याकडे पाठ केली आणि छपराच्या उंचीइतकं अंतर चालत गेले. चालणं संपलं तेव्हा माझं पोट शाळेतल्या बाईंच्या गाड्यांपैकी एका स्कूटरच्या आरशाला टेकलं होतं.

सुट्टीत सावली स्कूटरींवर पडणार होती. आणि वाळू उन्हात.

मी तडक ताईच्या खोलीत गेले. ती रंगीत कागद कापत बसली होती.

"ताई, अर्जावर प्रश्न काय होता आठवतो? नकाशाच्या वर?"

"सावली कुठे हवी आहे? खूण करा."

"आणि तू कुठे केलीस?"

"हौदावर. कुठे करणार, स्वयंपाकघरात?"

"आणि त्यांच्या इंजिनिअरनं त्या खुणेवर काय बसवलं?"

"छप्पर." कात्री थांबली. "अगं, मग बरोबर आहे की."

"छप्पर हौदावर आहे, ताई. सावली तिथं नाहीये. सावली दुपारी तिथं असेल. तेव्हा मुलं घरी भात खात असतील."

तिनं खिडकीतून बाहेर बघितलं. मी तिला सूर्य, छप्पर आणि स्कूटर हे सगळं पट्टी, पुस्तक आणि डिंकाची बाटली घेऊन दाखवलं. तिला पहिल्याच वेळी कळलं. तरी मी दुसऱ्यांदा दाखवलं.

"कळलं गं बाई, मी काही ठोंब नाही," ती म्हणाली. "पण नकाशा तूच तर काढलास ना? पट्टीनं, कोनमापकानं. तेव्हा नाही सुचलं?"

नव्हतं सुचलं. सावली म्हटल्यावर माझ्याही डोळ्यांसमोर छप्परच आलं होतं. आपल्या भाषेत अंगाला गारवा देणारी ती सावली आणि पायाला चिकटून पळणारी तीही सावलीच. पळणारीचा विचार ताईनं केला नाही, मी केला नाही, इंजिनिअरनंही केला नाही. तो फक्त शेपटानं केला, तोही आडवा पडून.

"सुट्टीच दुपारी ठेवू," ताई म्हणाली. "शाळा उशिरा सुरू करू. आई-बापांना मी पटवते."

हे मी आधीच तपासून बघितलं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मी एक छोटं यंत्र मागून आणलं होतं, उन्हातले अतिनील किरण मोजणारं. भर दुपारी छत्रीखाली ते धरलं तर आकडा जवळपास तेवढाच येत होता, जेवढा सकाळी लवकर उघड्यावर येतो. ऊन वरूनच येतं असं आपल्याला वाटतं. हे किरण सगळ्या आभाळातून येतात, छत्रीच्या कडेखालून आत शिरतात. दुपारची सावली टिकलीसाठी अर्धीच सावली होती.

"मग फोन कर त्यांना," ताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

फोनवर निधीच्या मॅडम होत्या. या संस्थेच्या वतीनं सगळ्या शाळांची कामं त्याच बघायच्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे खांब सरकवायचे?" त्या म्हणाल्या. "सरकवा की. पण मग नवा नकाशा लागेल. नवा नकाशा समितीपुढे जाणार. समिती आता उन्हाळा संपल्यावर बसेल."

"उन्हाळा संपल्यावर सावली घेऊन आम्ही काय करू?"

"ते माझ्या हातात नाही हो. मंजूर जागेत उभं करणार असाल तर उद्या काँक्रीट टाका. नाहीतर थांबवा. संध्याकाळपर्यंत कळवा."

फोन ठेवल्यावर मी त्या खोलीत इतक्या येरझारा घातल्या की ताईनं खुर्ची मध्ये सरकवून माझी वाट अडवली.

"बस. तू चाललीस की मला भोवळ येते. काय सांगू त्यांना? थांबवा म्हणू?"

दारातून वर्गातली टिकली दिसत होती, म्हणजे तिची पाठ. तिच्या खिडकीत, स्टुलावर. बाहेर मुलांचा खेळ बदलला होता. आता ती एकमेकांच्या सावल्यांवर पाय देत पळत होती. "आउट! तुझ्यावर राज्य!" टिकली आतून ओरडत होती, "मी बघितलं, पाय पडला, मी बघितलं!" कुणी लक्ष देत नव्हतं.

"खांबांची जागा मंजूर आहे," मी म्हणाले. "हौदाची जागा कुणी मंजूर केलीये?"

"म्हणजे?"

"छप्पर हलत नसेल तर वाळू हलवू."

हौद म्हणजे तरी काय, जुन्या टायरांची अर्धी पुरलेली कड आणि आत वाळू. ताईनं माझ्याकडे बघितलं, मग स्कूटरींकडे, मग परत माझ्याकडे. "स्कूटरवाल्यांना कोण सांगणार?" असं म्हणत ती उठली, म्हणजे तीच सांगणार होती.

काँक्रीट ठरल्याप्रमाणे पडलं. ते वाळेपर्यंत आम्ही वाळू उपसली. मी छपराएवढा उंच बांबू सुट्टीच्या वेळी उभा धरून सावलीची जागा काढली होती, खडूच्या भुकटीनं आखून, पुढे-मागे थोडी मोकळीक ठेवून. सुट्टीच्या दिवशी भाऊजी फावडं घेऊन आले. शाळेचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणतात, घमेली घेऊन आले.

"पदवी हिची आणि कंबर माझी," भाऊजी म्हणाले. "मेहुणीबाई, पुढच्या खेपेला जरा हलक्या विषयात पदवी घ्या."

"जरा डावीकडे टाका. तिथं नाही, खडूच्या आत."

"वाळूला माहितीये का, आत कुठे नि बाहेर कुठे?"

"मला माहितीये."

"तेच तर," ते मामांना म्हणाले. मामा हसले आणि घमेलं खडूच्या आत ओतून गेले.

गाण्याच्या बाई मात्र हसल्या नाहीत. स्कूटरी आता फाटकाबाहेर लावायच्या हे कळल्यावर त्या ताईला म्हणाल्या, "म्हणजे मुलं सावलीत आणि आम्ही तव्यावर? ती सीट दुपारी काय तापते, एकदा बसून बघा." ताईनं एक जुनी चादर त्यांना दिली, सीटवर टाकायला. त्यांनी ती दोन बोटांत धरून नेली.

खांब उभे राहिले. कापड ताणलं गेलं तेव्हा त्याचा फाडकन आवाज झाला आणि सगळी मुलं आपोआप टाळ्या वाजवायला लागली. छप्पर मोकळ्या मातीवर उभं होतं आणि सावली बाजूला, वाळूवर. मी यंत्र घेऊन वाळूत उकिडवी बसले. आकडा इतका खाली आला की मी बॅटरी तपासली.

"आता जाऊ?" खिडकीतून प्रश्न आला.

"थांब," ताई म्हणाली. "मॅडम बघून जाऊ देत. त्यांनी हो म्हटलं की मग."

अटच तशी होती. छप्पर फक्त मुलांसाठी वापरायचं. पाहणीत भलताच वापर दिसला तर कापड उतरवून यादीतल्या पुढच्या शाळेला द्यायचं. पाहणी होईपर्यंत वापर सुरू करायचा नाही. रोज टिकली विचारायची, "आज येणार?" आणि रोज मी फाटकाकडे बघत राहायचे. बघता बघता चहा गार व्हायचा. तापमान न बघता.

मॅडम आल्या त्या एका दुपारी. मुलं नुकतीच घरी गेली होती. ताई हिशेबाच्या कामाला बाहेर गेली होती, मी आणि टिकली तिची वाट बघत वर्गात थांबलो होतो. रिक्षाचा आवाज आला म्हणून मी बाहेर आले.

मॅडम बुटक्या, घामाघूम झालेल्या, खांद्याला मोठी पिशवी. त्या आवाराच्या मधोमध उभ्या राहून बघत होत्या. मीही बघितलं.

सूर्य डोक्यावर होता. सावली बरोबर छपराखाली आली होती. आणि त्या गार, सुंदर, चौकोनी सावलीत गाण्याच्या बाईंची स्कूटर उभी होती. तिला टेकून मामांची सायकल. स्कूटरच्या सीटवर आमची जुनी चादर, नीट घडी घालून. वाळूचा हौद पलीकडे रणरणत्या उन्हात.

"छान," मॅडम म्हणाल्या. "मुलांची वाळू उन्हात आणि स्टाफच्या गाड्या सावलीत. फोनवर मला वाटलं होतं, तुम्हाला खरंच काळजी आहे."

"मॅडम, हे असं नाहीये. म्हणजे आत्ता असंच आहे, पण—"

गाण्याच्या बाई किल्ली हातात घेऊन व्हरांड्यातून येत होत्या. त्यांनी मॅडमना बघितलं, मला बघितलं आणि आल्या पावली परत वळल्या.

मी पट्टी शोधायला लागले. पट्टी नव्हती. मी हातांनीच दाखवायला लागले, हा सूर्य, हे छप्पर. मी फार भरभर बोलत होते. अंश, उंची, सुट्टी, अर्जातला प्रश्न, सगळं एकदम. मॅडमनी कपाळावरचा घाम पुसला.

"हे बघा, मी अशा पाच-पन्नास शाळा बघते. एकानं छपराखाली मंडपाचं सामान ठेवलेलं. दुसऱ्यानं चक्क पार्किंगची पाटी लावलेली. प्रत्येकाकडे काहीतरी कारण असतंच. मला जे दिसतं ते मी लिहिते."

"मग सकाळी बघा," मी म्हणाले. "सुट्टीत. एकदाच. तेव्हा जे दिसेल ते लिहा."

"मला उद्या दुसरीकडे जायचंय."

"तिच्यामुळे मागितलं होतं हे," मी म्हणाले आणि खिडकीकडे हात केला. टिकली स्टुलावर उभी होती, नाक गजाला लावून. तिनं मॅडमना विचारलं, "तुम्ही हो म्हणणार का?"

कॅमेरा पिशवीतून अर्धा बाहेर काढलेला होता, तो मॅडमनी आत ठेवला. "जमलं तर येते," एवढं म्हणून त्या फाटकाबाहेर पडल्या.

संध्याकाळी ताई मला रागावली नाही. तिनं गाण्याच्या बाईंना फोन केला, तो लांबच लांब चालला, आणि शेवटी तीच त्यांची समजूत घालताना ऐकू आली.

सकाळी आभाळात पातळ ढग होते. सावली नाही तर दाखवणार काय? मी टाकीच्या जिन्यावर चढून ढग कुठे सरकतात ते बघत होते. खालून भाऊजी म्हणाले, "फुंकर मारून बघ." ढग आपसूक गेले. सुट्टी जवळ आली तसा वाळूवर चौकोन उमटला, आधी फिका, मग गडद. फाटक रिकामं होतं.

घंटा वाजवायला ताई बाहेर आली. तिनं फाटकाकडे बघितलं. मीही बघितलं. रस्त्यावरून एक पाण्याचा टँकर गेला.

"थोडं थांबूया?" मी म्हणाले.

"सुट्टी मॅडमची नाही, मुलांची आहे," ताई म्हणाली. मग आत बघून हाक मारली, "टिकले, टोपी घाल."

"त्यांनी हो म्हटलं?"

"मी म्हटलं."

आणि तिनं घंटा वाजवली.

दारापासून वाळूपर्यंत मधे उन्हाचा पट्टा होता. तो मी आणि टिकली एका छत्रीखालून पार केला. माझ्या हातात यंत्र, तिच्या हातात प्लास्टिकचं फावडं. सावलीच्या काठावर ती थांबली, पाण्यात उतरताना थांबतात तशी, आणि उडी मारून आत गेली. मी छत्री मिटली.

ती वाळू उकरेल असं मला वाटलं होतं. ती पायांकडे बघत स्वतःभोवती फिरत होती.

"मावशी, माझी सावली कुठंय?"

"इथं नसते. तू सावलीतच आहेस."

तिनं यावर जरा विचार केला. बाहेर खेळ सुरू झाला होता, शेपटावर राज्य होतं. टिकली काठाशी येऊन ओरडली, "ए शेपट्या, मला आउट कर!"

तो धावत आला, पाय उचलला आणि तसाच थांबला. कुठे ठेवायचा ते त्याला दिसेना.

"हिला सावलीच नाहीये!" तो म्हणाला. "ही चीटिंग आहे!"

"चीटिंग नाही. इथं टाइमप्लीज असतं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना," टिकली म्हणाली. इतके दिवस खिडकीतून ओरडून जे जमलं नव्हतं ते या एका शब्दानं झालं. पोरं पळत आत शिरली. एकमेकांवर आदळत, टायरांवरून उड्या मारत सगळी शाळा त्या चौकोनात कोंबली गेली आणि शेपूट एकटा बाहेर, काठावर येरझारा घालत. मला त्याचं दुःख कळत होतं.

तेवढ्यात तो वळला. फाटकातून कुणीतरी आत आलं होतं, उन्हात, खांद्याला मोठी पिशवी. त्याला एवढंच दिसलं की एक मोठी सावली मातीवर मोकळी पडलीय. तो धावत गेला आणि दोन्ही पायांनी तिच्या डोक्यावर उभा राहिला.

"आउट! तुमच्यावर राज्य!"

निधीच्या मॅडम जागच्या जागी थांबल्या. "म्हणजे काय?"

"म्हणजे आता तुम्ही पळायचं," ताई व्हरांड्यातून म्हणाली.

मॅडम पळाल्या नाहीत. त्यांनी छपराकडे बघितलं, त्याखालच्या मोकळ्या, तापलेल्या मातीकडे बघितलं, मग बाजूच्या वाळूत कोंबलेल्या मुलांकडे. चालत त्या काठापर्यंत आल्या आणि एक पाऊल आत टाकून उभ्या राहिल्या. मी तोंड उघडलं, त्यांनी हात वर केला. मी मिटलं.

"लहान आहे," त्या म्हणाल्या. "एवढ्यांना पुरणार नाही."

"नाही पुरणार," ताई म्हणाली.

मॅडमनी कॅमेरा काढला. फोटो घेताना, डोळा न काढता, मला म्हणाल्या, "तो प्रश्न आम्हाला बदलावा लागेल. छप्पर कुठे ते वेगळं विचारायचं आणि सावली कुठे ते वेगळं."

"आणि कधी," मी म्हणाले. "कधी हवी, तेही विचारा."

"राहू दे ना कापड?" ताईनं विचारलं. तिचे दोन्ही हात घंटेच्या दांड्यावर होते.

"राहू दे," मॅडम म्हणाल्या. "पण ती स्कूटर परत दिसली तर बघा."

ताई तिथंच पायरीवर बसली. मला बसवेना. आत आल्या आल्या मी सावलीच्या कडेला वाळूत बोटानं रेघ मारली होती आणि आता कड त्या रेघेच्या आत आली होती. सूर्य वर चढत होता, सावली छपराकडे परत निघाली होती. पुढच्या महिन्यात सूर्याची वाट बदलेल, मग या हौदाची कड पुरायची नाही, वाळू परत थोडी सरकवावी लागेल, भाऊजींना आत्तापासून सांगून ठेवायला हवं. मी दुसरी रेघ मारली. मारेपर्यंत तीही मागे पडायला लागली.

टिकली पाठमोरी बसून खड्डा खणत होती. ऊन तिच्या टाचेपासून वीतभर अंतरावर आलं होतं.

"टिकले, सरक."

ती वर न बघता, फावड्यासकट बसल्या बसल्या पुढे सरकली. तिच्या मागे शेपूट सरकला आणि मग एकेक करत सगळी.